भेसळ काढताना

रात्रीचे साडेनऊ, आणि ऊन अजून शेतातच.
ओइवा पुढं, मी चार हात मागं,
ट्रॅक्टरच्या चाकोरीतून चालतो आहोत
इसोक्युरोच्या या सपाट मातीवर,
जिथं नजरेला अडवायला
दूर एक राखाडी कोठार आहे, तेवढंच.

ओट्स माना खाली घालून उभे.
सातूचं तसं नाही.
कुसळं रोखून, ताठ,
आवतण नसताना पंगतीला येऊन बसलेला,
आणि तरी पटकन दिसत नाही.
"तिरपं बघ," ओइवा म्हणतो, "उन्हाच्या बाजूनं."
सापडला की मुळासकट उपटायचा,
कमरेच्या पोत्यात टाकायचा.
बांधावर नाही.
बांधावरचं पुढच्या वर्षी आत येतं.

सातू. माझ्या भाषेत हे धान्य.
त्याच्या भाषेत सातू म्हणजे परीकथा.
हे कळल्यावर मला हसू आलं, त्याला नाही.
म्हणाला, "गोष्टीतही
एवढ्याशा दाण्यावरूनच बिघडतं सगळं."

इल्टा नऊ वर्षांची होती.
सेइनायोकीच्या डॉक्टरनं आत कॅमेरा सोडला
आणि पडद्यावर आतडं दाखवलं,
कापणी झालेल्या शेतासारखं, सपाट.
गहू बंद. राय बंद. सातू बंद.
ओट्स? आधी आतलं पीक पुन्हा उगवू दे,
मग बघू. थोडे. आणि निव्वळ ओट्सच.

निव्वळ.
या एका शब्दापायी ओइवानं
पाच वर्षं या जमिनीत दुसरं धान्य पेरलं नाही.
शेजारच्या उर्पोचं कापणीयंत्र नाकारलं,
उर्पो एक अख्खा हिवाळा बोलला नाही.
स्वतःचं यंत्र दोन दिवस हवेच्या झोतानं झाडलं,
गाडी वेगळी, गिरणी वेगळी,
झाडूसुद्धा वेगळा, त्याच्या दांड्याला निळी पट्टी.
कारण शितावरून भाताची परीक्षा
इथं चालत नाही :
शंभर मुठी स्वच्छ निघतात
आणि सातू बसलेला असतो एकशेएकाव्या मुठीत.

प्रयोगशाळेचा कागद आला. पास.
तो त्यानं फ्रिजवर लावला.
आउनेनं लापशी शिजवली, मधोमध लोण्याचा डोळा,
आणि बारा वर्षांच्या इल्टानं
तो डोळा चमच्यानं फोडला.
तिघंही तिच्या पोटाकडं बघत बसले, तीसुद्धा.

मग दुखलं.
थांबवलं, वर्षभरानं पुन्हा दिलं, पुन्हा दुखलं.
रक्त. परत कॅमेरा.
डॉक्टर म्हणाली, ओट्स स्वच्छच आहेत.
तुमची चूक नाही, शेताची नाही.
बहुतेकांना चालतात, खुशाल चालतात.
काहींच्या शरीराला मात्र
ओट्सचं स्वतःचंच प्रथिन सोसत नाही.
थोड्यांनाच असं होतं.

थोड्यांनाच, असं ओइवा गाडीत म्हणाला,
मग चाळीस किलोमीटर काहीच नाही.

मी विचारलं, मग अजून का चालतोस
या उन्हात, पाठीत कळ येईपर्यंत?
"करार आहे," तो म्हणाला.
थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता :
"आणि पिशवीवर नाव असतं शेताचं."

इल्टा सायकलवरून आली. आता एकोणीसची.
थर्मासात कॉफी, आम्हाला लोणी लावलेली राईची भाकरी,
स्वतःच्या डब्यात बकव्हीटची.
बांधावर बसायच्या आधी
आम्ही चालून आलो त्याच चाकोरीत शिरली,
वाकली, आणि एक ओंबी वर धरली.
"दोघंही इथूनच गेलात ना?"

ओंबी बापाच्या पोत्यात टाकली,
नळावर कोपरापर्यंत हात धुतले,
आणि मग आपला डबा उघडला.